सुखात्मे, पांडुरंग वासुदेव

(२७ जुलै १९११—२८ जानेवारी १९९७). भारतीय सांख्यिकीविज्ञ. प्रतिदर्श सर्वेक्षणाचा सिद्धांत, शेतीविषयक सांख्यिकी आणि मानवी पोषणाची गणितीय प्रतिमाने या विषयांतील कार्याकरिता प्रसिद्ध. शेतातील पिकाचे उत्पन्न, माणसाचे अन्नसेवन व त्याची ऊर्जेची गरज या सर्व जैव राशी असून त्या सतत बदलत असतात. या बदलांचे गणिती स्वरूप निश्चित करून त्यांवरून व्यवहारोपयोगी निष्कर्ष काढणे, हे सुखात्मे यांच्या सर्व संशोधनाचे सूत्र होते. एखादी व्यक्ती अर्धपोषित आहे असे केव्हा म्हणावयाचे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर विशेष गाजले. कारण देशातील उपाशी माणसांची संख्याच त्या उत्तरावर अवलंबून होती.

शिक्षण व प्रारंभीचे संशोधन : सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुणे येथील फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन ते १९३२ मध्ये पदवीधर झाले. नंतर लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी १९३३–३६ या काळात संशोधन केले. रोनाल्ड फिशर, ईगॉन पिअर्सन व येर्झी नेमान हे आधुनिक सांख्यिकीचे शिल्पकार त्या सुमारास तेथे कार्य करीत होते. लंडन विद्यापीठाची पीएच्.डी. (१९३६) व डी.एस्‌सी. (१९३९) या पदव्या त्यांनी मिळविल्या. द्विविभाजनी फलनांविषयीचे त्यांचे कार्य शुद्ध बीजगणिताच्या जवळचे होते, तर १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध प्रतिनिधिक निवडीच्या पद्धतीवर होता. समष्टीचे स्तर पाडून प्रत्येक स्तरातून किती घटक निवडावेत, हे ठरविण्याकरिता प्रत्येक स्तरातील चलन आधी माहीत असावे लागते. प्रत्यक्षात ते माहीत नसते. लहानशा प्राथमिक नमुन्यावरून त्याचा अंदाज घेतला, तरी पुरेशी अचूकता मिळते, असे या निबंधात दाखविले होते. पुढे भारतातील शेतांवर काम करताना हाच विचार उपयोगी पडला.

पीक कापणी प्रयोग : भारतात परतल्यावर काही काळ कलकत्ता येथील आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेत काम करून सुखात्मे १९४० मध्ये तत्कालीन इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या संस्थेच्या सांख्यिकी शाखेत आले. त्या काळी पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज आणेवारीने केला जाई. पिकाखालील क्षेत्र, सर्वसाधारण वर्षातील एकरी उत्पन्न आणि गावकामगाराने नजरेने ठरविलेली पिकाची आणेवारी यांचा गुणाकार म्हणजे एकूण उत्पन्न, असे गणित होते. यातील तिसरा अवयव पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असल्याने त्यातील चूक किती, हे सांगता येत नसे. दुसरे महायुद्ध आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ यांमुळे अन्नधान्याच्या विश्वसनीय आकड्यांची निकड वाढली.

सुखात्मे व विनायक गोविंद पानसे यांनी स्तरित यदृच्छ निवडीवर आधारलेली पीक कापणीची पद्धती विकसित केली. तीत तालुक्यासारख्या क्षेत्राचा एक स्तर मानतात; त्यातून यदृच्छेने गावे, गावातून शेते आणि शेतातून ठरावीक मापाचा तुकडा निवडून त्यातील पीक कापून, मळून त्याचे वजन करतात. निवड यदृच्छ असल्यामुळे सरासरी उत्पन्नाबरोबरच त्या सरासरीतील संभाव्य चूकही काढता येते. कापावयाच्या तुकड्याचा आकार किती असावा, यावर मात्र सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यात १९४६-४७ च्या सुमारास तीव्र मतभेद झाले. महालनोबीस लहान वर्तुळाकार तुकड्यांचे पुरस्कर्ते होते. असे तुकडे कापण्यास वेळ व खर्च कमी लागतो आणि त्यामुळे अधिक ठिकाणी कापणी करता येते. लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा जास्त येते, असे सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखविले. याचे कारण भूमितीत आहे. सीमेवरील रोप आत धरावयाचे की बाहेर, असा संशय आला म्हणजे कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फूट क्षेत्रामागे सीमेची लांबी एक फूट असते. ३३ फूट लांब व १६·५ फूट रुंद आयतात ती एक फुटाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असते. म्हणून लहान तुकड्यात सीमेवरील चूक फुगते आणि तुकड्यांची संख्या वाढवूनही ती नाहीशी होत नाही. कारण ती यदृच्छ नसून एकाच दिशेची असते. कामगार चांगले प्रशिक्षित असल्यास ही चूक आवरता येते, असे महालनोबीस यांचे म्हणणे होते. देशव्यापी सर्वेक्षणांत पुढे मोठ्या तुकड्यांचीच पद्धत रुळली. पीक विम्याची नुकसानभरपाई ठरविताना पीक कापणी प्रयोगांतून मिळणाऱ्या सरासरी उत्पन्नाचा आधार घेतला जात असल्याने, या पद्धतीशी शेतकऱ्यांचे प्रत्यक्ष हितसंबंध जोडलेले आहेत.

सुखात्मे यांचा सँपलिंग थिअरी ऑफ सर्व्हेज विथ ॲप्लिकेशन्स (१९५४) हा ग्रंथ आणि पानसे यांच्यासमवेत लिहिलेला स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स हा ग्रंथ यांवर शेतीसंशोधकांच्या अनेक पिढ्या शिकल्या. त्यांनी वाढविलेल्या सांख्यिकी शाखेतूनच नवी दिल्ली येथील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था उदयास आली.

भुकेच्या मोजणीचे प्रतिमान : १९५० नंतरची सुमारे दोन दशके सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या रोम येथील कार्यालयात सांख्यिकी विभागाचे संचालक होते. जगातील दोनतृतीयांश लोक उपाशी वा कुपोषित आहेत, असे विधान संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये केले होते. अशा विधानांमागे देशातील दरडोई अन्नपुरवठा आणि दरडोई गरज या दोन सरासरींची तुलना असे. परंतु सरासरी पुरेशी असलेल्या देशातही पुष्कळ लोक उपाशी असू शकतात. उलटपक्षी सरासरी अपुरी असली, तरी सर्वच लोक उपाशी ठरत नाहीत. १९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सुखात्मे यांनी सरासरीऐवजी वितरणाचा विचार मांडला. कुटुंबांच्या आहारसर्वेक्षणांवरून अन्नसेवनाचे वितरण काढावयाचे आणि त्यातील किती भाग एका विशिष्ट मर्यादेच्या खाली येतो ते मोजावयाचे, अशी ही पद्धत आहे. संघटनेच्या १९६३ मधील तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीत या पद्धतीने जगातील १० ते १५ टक्के लोक अर्धपोषित, तर अर्धपोषण वा कुपोषण किंवा दोन्ही असलेले लोक निम्म्यापर्यंत असावेत, असा अंदाज देण्यात आला.

ही मर्यादा कोठे मानावयाची, हा सर्व प्रश्नाचा गाभा होय. एकाच वयाच्या, सारख्या वजनाच्या व सारखेच काम करणाऱ्या निरोगी माणसांचीही ऊर्जेची गरज सारखी नसते. समजा, अशा पुरुषांच्या गरजेचे माध्य दररोज २,४०० किलोकॅलरी आणि मानक विचलन ३६० किलोकॅलरी आहे. माध्य हीच मर्यादा मानली आणि प्रत्येकाने आपल्या गरजेइतकेच अन्न घेतले, तरी त्यांतील निम्मे लोक अर्धपोषित म्हणून मोजले जातील. वस्तुतः एकही उपाशी नसेल. म्हणून सुखात्मे यांनी माध्यातून मानक विचलनाची दुप्पट वजा करून मर्यादा ठरविली. वरील उदाहरणात ती १,६८० किलोकॅलरी येते. प्रसामान्य वितरणानुसार याहून कमी गरज असलेली निरोगी माणसे शंभरात दोन-तीनच असतात. त्यामुळे याहून कमी अन्न घेणारा मनुष्य जवळजवळ निश्चितपणे अर्धपोषित होय, असे म्हणता येते.

या मर्यादेची दुसरी बाजूही आहे. ज्याची गरज २,७०० किलोकॅलरी आहे, अशा मनुष्याला २,००० किलोकॅलरीच मिळाल्या, तर तो उपाशी असूनही मोजणीतून सुटतो. म्हणजे मर्यादा वर ठेवली, तर सुपोषित माणसे उपाशी ठरतात. खाली ठेवली, तर उपाशी माणसे सुपोषित ठरतात. सेवन व गरज यांचे संयुक्त वितरण माहीत असल्यास दोन्ही चुका टाळता येतील. पण प्रत्येक व्यक्तीची गरज मोजणे सर्वेक्षणात शक्य नसते. यांपैकी कोणती चूक अधिक घातक, हे गणित सांगू शकत नाही.

प्रथिनांचा प्रश्न : विकसनशील देशांतील कुपोषणाचे मुख्य कारण प्रथिनांची उणीव हे आहे, असा समज १९५०–७० या काळात प्रबळ होता. प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटाविषयी संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार समितीने १९६८ मध्ये इशारा दिला होता. सुखात्मे यांनी भारतीय आहारसर्वेक्षणांचे विश्लेषण करून या समजाला आव्हान दिले. प्रथिने कमी पडणाऱ्या बहुतेक कुटुंबांत एकूण अन्नच कमी पडत असते. अन्न पोटभर मिळाले, तर तृणधान्ये व कडधान्ये यांच्या नेहमीच्या आहारातून प्रथिनांची गरजही भागते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नाशिक जिल्ह्यातील दोन प्रकारच्या आहारांच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. जिल्ह्याच्या पूर्व भागात बाजरी, तर पेठ, सुरगाणा या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत नागली व भात ही परंपरागत मुख्य धान्ये आहेत. १०० ग्रॅ. बाजरीत सुमारे ११·६ ग्रॅ. प्रथिने व ३६१ किलोकॅलरी, तर तितक्याच नागलीत सुमारे ७·३ ग्रॅ. प्रथिने व ३२८ किलोकॅलरी असतात. २,४०० किलोकॅलरी केवळ बाजरीतून घेतल्या, तर सुमारे ७७ ग्रॅ. आणि केवळ नागलीतून घेतल्या, तर सुमारे ५३ ग्रॅ. प्रथिने मिळतात. ५५ किग्रॅ. वजनाच्या प्रौढाला, दर किग्रॅ. वजनामागे ०·८३ ग्रॅ. या प्रमाणाने, सुमारे ४६ ग्रॅ. प्रथिने लागतात. मात्र अन्न निम्मेच मिळाले, तर नागलीतील प्रथिने २७ ग्रॅ. पर्यंत खाली येतात. शिवाय ऊर्जा अपुरी पडल्यामुळे शरीर त्यांतील काही भाग इंधन म्हणून वापरते. अशा माणसाला प्रथिनांचे महागडे चूर्ण देणे म्हणजे ते चुलीत घालण्यासारखेच होय. तान्ही मुले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना आणि मुख्यतः कंदांवर जगणाऱ्या लोकांना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. धान्यातील प्रथिनांची प्रतही कमी असते. ती उणीव डाळींनी बरीचशी भरून निघते. १९७० नंतर प्रथिनटंचाईची कल्पना मागे पडली, तीत सुखात्मे यांच्या कार्याचा मोठा वाटा होता.

ऊर्जेच्या गरजेचे स्वसमाश्रयी प्रतिमान : निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात स्थायिक झाले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत संशोधन करू लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शेल्डन मार्गेन यांच्या सहकार्याने त्यांनी १९७८ मध्ये प्रथिनांविषयी व १९८२ मध्ये ऊर्जेविषयी निबंध प्रसिद्ध केले. त्यांतील उपपत्ती सुखात्मे-मार्गेन उपपत्ती म्हणून ओळखली जाते. गरजेतील चलन माणसामाणसांत असते, तसेच एकाच माणसात दिवसादिवसांतही असते आणि हे दुसऱ्या प्रकारचे चलनच अधिक महत्त्वाचे आहे, असे तिचे मुख्य प्रतिपादन आहे.

अन्नसेवन व ऊर्जाव्यय यांतील दैनंदिन फरकाला ऊर्जेचा तोल म्हणतात. प्रत्येक दिवसाचा तोल स्वतंत्र असेल, तर कमी-जास्त दिवस एकमेकांना छेदतात आणि अनेक दिवसांच्या सरासरीतील चलन झपाट्याने घटते. निरनिराळ्या व्यक्तींवर केलेल्या दीर्घ निरीक्षणांत मात्र लागोपाठच्या दिवसांचे तोल परस्परसंबद्ध आढळतात, असे सुखात्मे यांनी दाखविले. त्यांनी योजलेले प्रतिमान असे :

आजचा तोल = स × (कालचा तोल) + आजचा यदृच्छ घटक

येथे स हा ० व १ यांमधील सहसंबंध गुणांक आहे. राशीचे समाश्रयण तिच्याच पूर्वीच्या मूल्यावर होत असल्याने या प्रतिमानाला स्वसमाश्रयी म्हणतात. स = ० असल्यास सात दिवसांच्या सरासरीचे मानक विचलन एका दिवसाच्या मानक विचलनाच्या ०·३८ पट होते; स = ०·३ असल्यास ते ०·४९ पट राहते. म्हणजे आठवड्याच्या सरासरीतही बरेच चलन शिल्लक उरते. यावरून सुखात्मे यांनी पुढील अर्थ काढला : शरीर ही स्वतःचे नियमन करणारी व्यवस्था आहे. अन्न कमी झाले, तर समस्थितीच्या मर्यादेत ते ऊर्जेचा वापर अधिक काटकसरीने करते आणि अन्न वाढले, तर अधिक ऊर्जा उधळते. त्यामुळे माणसाची गरज ही एक ठाम संख्या नसून एक पट्टा आहे आणि त्या पट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंत अन्न घेणारा मनुष्य आरोग्य व कार्यक्षमता न गमावता राहू शकतो. मर्यादा माध्याऐवजी खालच्या कडेला मानण्यास यामुळे शरीरक्रियाविज्ञानाचा आधार मिळतो, असे त्यांचे मत होते.

वाद : विनायक महादेव दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा दररोज दरडोई २,२५० कॅलरींच्या आधारे आखली होती. नियोजन आयोगाच्या कृतिगटाने १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २,४०० व शहरी भागासाठी २,१०० कॅलरी हे मान स्वीकारले. सुखात्मे यांच्या मते अशा सरासरी मानांमुळे भुकेल्यांची संख्या अवाजवी फुगत होती. दांडेकर यांनी १९८२ मध्ये त्यांना सविस्तर उत्तर दिले. सर्वेक्षणात दिसणारे सेवनातील फरक हे केवळ यदृच्छ नाहीत. ते उत्पन्नाबरोबर बदलतात. गरीब मनुष्य कमी खातो तो गरज कमी आहे म्हणून नव्हे, तर त्याला परवडत नाही म्हणून, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. वादातील हे दोन्ही पक्ष पुण्यातच कार्य करीत होते.

अन्य आक्षेप गणिती व वैद्यकीय होते. सहसंबंध असला, तरी कालावधी वाढेल तसे सरासरीतील चलन शून्याकडेच जाते. वरील उदाहरणात ३० दिवसांसाठी ते ०·१८ ऐवजी ०·२५ पट असते, इतकाच फरक. शिवाय दैनंदिन तोलांतील सहसंबंध सवयी, कामाचे वेळापत्रक यांमुळेही येऊ शकतो; त्यावरून शरीराची कार्यक्षमता वाढते असे सिद्ध होत नाही. पोषणविज्ञ कोलुथूर गोपालन यांनी, कमी अन्नाशी होणारे अनुकूलन हे हालचाल कमी करून व वाढ खुंटवून होते आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागते, याकडे लक्ष वेधले. सुखात्मे यांनी संपादित केलेल्या न्यूअर कन्सेप्ट्स इन न्यूट्रिशन अँड देअर इंप्लिकेशन्स फॉर पॉलिसी (१९८२) या ग्रंथात डेव्हिड सेक्लर यांनी मांडलेली ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना या टीकेचे मुख्य लक्ष्य ठरली.

मर्यादेतील फरकाने केवढे अंतर पडते, हे अन्न व शेती संघटनेच्या पाचव्या जागतिक अन्न पाहणीवरून कळते. तीत १९७९–८१ या काळासाठी दोन मर्यादा वापरल्या होत्या : व्यक्तीतील चलन गृहीत धरून विश्रांतीकालीन मूलभूत चयापचयाच्या १·२ पट आणि ते न धरता १·४ पट. पहिल्या मर्यादेने विकसनशील देशांत सुमारे ३३·५ कोटी, तर दुसरीने सुमारे ४९·४ कोटी लोक अर्धपोषित ठरले. सुमारे सोळा कोटी माणसांचे अन्न एका गृहीतकावर अवलंबून होते.

मूल्यमापन : भुकेचा प्रश्न गौण आहे, असे सुखात्मे यांचे म्हणणे नव्हते. खाल्लेले अन्न अंगी लागण्यासाठी शुद्ध पाणी, मलमूत्राची योग्य विल्हेवाट व आतड्यांच्या रोगांपासून मुक्तता या गोष्टी अन्नाइतक्याच आवश्यक आहेत आणि म्हणून केवळ कॅलरींचे वाटप हा कुपोषणावरील उपाय नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. या भूमिकेला नंतरच्या संशोधनाने बळ दिले. व्यक्तीची गरज विनामूल्य खाली जाऊ शकते, हे त्यांचे प्रतिपादन मात्र सर्वसाधारणपणे मान्य झाले नाही. सेवनाचे वितरण व किमान मर्यादा यांवरून अर्धपोषितांचे प्रमाण काढण्याची त्यांची पद्धत सुधारित स्वरूपात टिकून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील भुकेचा निर्देशक त्याच पद्धतीने काढतात. भारतात सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये दारिद्र्यरेषेचा कॅलरींशी असलेला थेट संबंध तोडला, तर रंगराजन समितीने २०१४ मध्ये तो वेगळ्या रीतीने पुन्हा जोडला. यावरून सुखात्मे-दांडेकर वादातील मूळ प्रश्न अद्याप मिटलेला नाही, असे दिसते.

सुखात्मे यांना रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे गाय रौप्यपदक आणि भारत सरकारचा पद्मभूषण हा किताब (१९७१) हे सन्मान मिळाले. त्यांच्या ग्रंथांपैकी फीडिंग इंडियाज ग्रोइंग मिलियन्स (१९६५) हाही उल्लेखनीय आहे. भारत सरकारतर्फे ज्येष्ठ सांख्यिकीविज्ञांना त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. पुणे येथे त्यांचे निधन झाले.